लेखनिकाने बोलायचं नसतं

दिवाळीच्या तोंडावर ब्लाउज शिवणाऱ्या बाईला कुणी काही विचारू नये. त्या दिवसांत आमच्या कोथरूडच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसते. पलंगावर साड्या, खुर्चीवर अस्तरं, फ्रिजवर मापाचे ब्लाउज, आणि दारात एक ना एक काकू उभ्या. "अहो, झालं का आमचं? नाही, घाई नाही हो. पुढच्या दिवाळीला दिलंत तरी चालेल." असं म्हणून वर हसतात. मीही हसते. धंदा आहे, काय करता!

नेमक्या त्याच दिवसांत मुलीच्या शाळेतून गणिताच्या सरांचा फोन आला. "ताई, जरा येऊन जाता का?" म्हटलं, घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. तिला जन्मापासून दिसत नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण मध्येच कळलं की लोकांचे चेहरे पडतात आणि मग त्यांची समजूत मला घालावी लागते. सातवीपर्यंत ती अंध मुलींच्या शाळेत होती, तिथे ब्रेल शिकली. आठवीपासून घराजवळच्या साध्या मराठी शाळेत. हुशार आहे, आणि हट्टी त्याहून जास्त. हट्ट तिच्या वडिलांकडून आला असं मी म्हणते. तिचे वडील म्हणतात, "बरं, माझ्याकडून." एवढ्यावर आमच्या घरातली भांडणं संपतात.

मी गेले. टीचर्स रूममध्ये सर वह्यांच्या ढिगामागे बसले होते, तेही माझ्यासारखेच दमलेले. मुलीला त्यांनी वर्गातून बोलावून घेतलं होतं.

"हे बघा ताई," सर म्हणाले, "हिच्यासारख्या मुलांना सवलत असते. दहावीच्या गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं सोपं गणित घेता येतं. मार्क चांगले पडतात. दिवाळीनंतर बोर्डाचे फॉर्म भरायचेत, त्याआधी काय ते ठरवायला हवं."

मला मनापासून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? सोपं हा शब्दच आमच्या घरात फार दिवसांनी येत होता. मी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ही म्हणाली, "सर, मला पूर्ण गणित हवंय."

"का गं?"

"मला पुढे संख्याशास्त्र करायचंय. त्याला अकरावी-बारावीत गणित लागतं. सोपं घेतलं की ते दार बंद."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "ठीक आहे. संभाव्यता आणि सांख्यिकी, हे शेवटचे दोन धडे अजून वर्गात व्हायचेत. सुट्टीत घरी करून ये. सुट्टीनंतर मी चाचणी घेईन. लेखनिक देईन. तिला सांगून आयतालेख काढून दाखवायचा. जमलं तर पूर्ण गणिताचा विचार करू, नाही तर सवलतीचं. आलेखाच्या प्रश्नाला वेगळी सूट मिळते, मला माहितीये. पण संख्याशास्त्र करायचं म्हणायचं आणि आलेख नको म्हणायचं, असं नाही चालायचं."

लेखनिक म्हणजे काय, ते सांगते. जिला स्वतःच्या हाताने पेपर लिहिता येत नाही, तिच्या शेजारी खालच्या वर्गातली एक मुलगी बसते. ही सांगेल ते ती लिहिते, ही सांगेल तसं ती काढते. सांगेल ते म्हणजे सांगेल तेच. चूक दिसली तरी बोलायचं नाही, सुधारायचं नाही, हूं की चूं करायचं नाही.

घरी येताना मी तिला रस्ताभर बोलले. "कशाला नसती उठाठेव? सरकार देतंय सोपं, तर घ्यावं ना गपगुमान! मार्क पडले असते, पेढे वाटले असते." ती माझ्या कोपराला धरून चालत होती. म्हणाली, "आई, खड्डा आला की सांग." एवढंच. मला काय राग आला म्हणून सांगू! पण खड्डा आला, तो सांगितला.

माझं स्वतःचं गणित म्हणजे आनंदीआनंद. बारावी आर्ट्स झाले. गणिताला दहावीतच हात जोडले होते. दंड, छाती, कंबर, मुंढा, यापलीकडे आकड्यांशी माझा संबंध नाही. पण शिकवणी लावायची तर क्लासवाले म्हणायचे, "मॅडम, आमच्याकडे फळ्यावर शिकवतात, तिला काय उपयोग?" ते बरोबरच होतं, आणि म्हणून जास्त लागायचं. तेव्हा मीच पुस्तक वाचून दाखवायची, मीच आकृती करून द्यायची, आणि मध्ये मशीन चालवायचं.

पहिला धडा संभाव्यता. एक फासा फेकला. कोपऱ्यावरच्या दुकानातून सापशिडीतला फासा आणला, तर त्याच्यावरचे ठिपके इतके उथळ की बोटाला कळेनात. मी कापडाच्या गोंदाचे थेंब त्या ठिपक्यांवर ठेवले, पंख्याखाली वाळवले आणि मोठ्या अभिमानाने तिच्या हातात दिला. तिने चाचपला, आठ-दहादा फेकला आणि म्हणाली, "आई, सहाच्या बाजूला सहा थेंब गोंद, एकाच्या बाजूला एकच. आता हा फासा सरळ पडायचा नाही. निष्पत्ती समसंभाव्य राहिल्या नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे तू फाशाला लाच दिलीस."

कपाळ माझं! तरी तोच वापरला. मग पत्ते आले. बावन्न पानांच्या कोपऱ्यात मी सुईने ब्रेल टोचली. ती सांगत गेली, मी टोचत गेले. बदाम कुठला, किलवर कुठला, राजा-राणी-गुलाम म्हणजे चित्रांची पानं, हे तिला नवीनच. तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकू ब्लाउज न्यायला आल्या. शिवणाच्या टेबलावर पत्ते पसरलेले बघून दारातच थबकल्या. "वा! ब्लाउज मिळत नाही तो या अड्ड्यामुळे होय?"

मुलगी आतून म्हणाली, "काकू, तुमचा ब्लाउज आज मिळण्याची संभाव्यता शून्य आहे. शून्य म्हणजे अशक्य घटना." मी तिला दटावलं, पण काकू हसल्या. अस्तर आणायलाच विसरल्या होत्या त्या, चूक त्यांचीच होती. तो एक दिवस बरा गेला.

संभाव्यता तिला पाण्यासारखी येऊ लागली. दोन फासे फेकले तर छत्तीस जोड्या. मी कागदावर लिहून दमायची, तिच्या डोक्यात त्या ओळीने उभ्याच असायच्या. बेरीज सात कितीदा येते, विचारलं की मशीनची एक शिवण पुरी व्हायच्या आत उत्तर. तेव्हा मला वाटायचं, हिला जमेल. लगेच वाटायचं, जमलं तर पुढे अकरावी, मग बारावी, ही चाचपायची पुस्तकं, हे गोंदाचे थेंब, आणि आपण अशाच. जमू नये असं मला वाटत नव्हतं. पण संपावं असं वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

सांख्यिकीला मात्र आमचे नाकी नऊ आले. आयतालेख म्हणजे कागदावर एकाला एक चिकटून उभे स्तंभ, जेवढी संख्या जास्त तेवढा स्तंभ उंच. बघणाऱ्याला कळायला क्षण लागतो. न बघणाऱ्याला बोटाखाली उठाव हवा. माझ्याकडे शिवणाचं दातेरी चाक असतं, कापडावर खुणा करायचं. जाड कागद घेतला, खाली घडी घातलेली चादर ठेवली, पेन्सिलीच्या रेघांवरून चाक फिरवलं. कागदाच्या मागे उठावदार टिंबांची सुरेख रेघ आली. वाटलं, आपण तर शास्त्रज्ञ झालो! कागद पालथा करून तिला दिला. तिने बोटं फिरवली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "आई, हे उलटं आहे. लहान वर्ग उजवीकडे गेलेत."

जाणारच! मागून वाचलं की डावं ते उजवं होतं. ब्लाउज उलटा करून बघण्यात माझा जन्म गेला, आणि हे मला सुचू नये? दोन दिवस मी सगळे आलेख मुद्दाम उलटे काढायचा प्रयत्न केला, डोकं भणभणायचं. मग हाताला आपोआप सुचलं. शिवणाचा कार्बन मी कागदाखाली तोंड वर करून ठेवला. वरून पेन्सिलीने काढलं की तेच चित्र कागदाच्या पाठीवर उमटतं. मग कागद उलटवायचा आणि पाठीवरच्या रेघांवर चाक फिरवायचं. उठाव येतो पुढच्या बाजूला, सुलट. झालं. एका आलेखाला वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे एक बाही.

आकडे कुठून आणायचे? पुस्तकातले संपले. तिचे वडील मांजरी गावाकडे एका कारखान्यात आहेत, येता-जाता स्वारगेटला बस बदलतात. तिने त्यांच्याकडूनच आकडे घ्यायला सुरुवात केली. ते घरात आले की चपला काढायच्या आत प्रश्न. "बाबा, आज बसची वाट किती वेळ पाहिलीत?"

"आयुष्यभर," ते म्हणायचे.

"मिनिटांत सांगा."

ते बिचारे सांगायचे. मग ती वर्ग पाडायची, शून्य ते पाच, पाच ते दहा, आणि कुठल्या वर्गात किती वेळा, ते कागदाच्या पट्टीवर ब्रेलमध्ये टोचून ठेवायची. एका रविवारी मी त्यांना लेखनिक म्हणून बसवलं. म्हटलं, तेवढ्यात माझे दोन ब्लाउजचे गळे तरी शिवून होतील. ती सांगत होती, "उभा अक्ष काढा, त्यावर एक सेंटिमीटरला दोन." पुढे काही आवाज येईना, तेव्हा मी वळून बघितलं. हातात पेन्सिल तशीच, मान छातीवर, आणि उभा अक्ष अर्ध्यातून खाली घसरत टेबलाच्या कडेपर्यंत गेलेला. आम्ही त्यांना उठवलं नाही. मी पेन्सिल काढून घेतली आणि मीच बसले.

म्हणजे लेखनिक मीच. रोज दुपारी जेवणं झाली की ती पलंगावर मांडी घालून बसायची, मी टेबलाशी. ती सांगायची, मी काढायची. सुरुवातीला मी ती सांगेल तेच काढलं, आणि देवा रे, काय एकेक निघालं! स्तंभांमध्ये फटी, एक स्तंभ कागदाबाहेर, एकदा अक्षाचंच नाव राहिलं. मग तो चुकलेला आलेख उलटवा, चाक फिरवा, तिला दाखवा, चूक सापडेपर्यंत थांबा, परत नवीन कागद, परत कार्बन. दारात काकू. "अहो, भाऊबीज तरी गाठाल ना?"

तेव्हा मी काय केलं, तर तिने चुकीचं सांगितलं की बरोबर काढायला लागले. ठरवून नाही केलं. ती म्हणायची, स्तंभ बारापासून सुरू कर, मला दिसत असायचं की दहापासून हवा, आणि हात दहावर जायचा. ती स्तंभ चिकटून काढ म्हणायला विसरली तरी मी फट ठेवायची नाही, ती ठेव म्हणाली तरी ठेवायची नाही. मग चाक एकदाच फिरायचं. ती बोटं फिरवून म्हणायची, "बरोबर आलं!" मी म्हणायची, "आलं गं बाई," आणि मशीनवर बसायची. यात मी काही पाप केलं असं मला आजही वाटत नाही. तिच्या वाटेतलं स्टूल मी पंधरा वर्षं उचलत आले, ताटात भाजी कायम तिच्या उजव्या हाताशी वाढत आले. आईने आणखी काय करायचं असतं? आणि हुशार पोरीच्या तोंडची चूक मला बघवत नव्हती, हेही होतंच.

पाच-सहा दिवस सगळे आलेख बरोबर येत होते. तिला आनंद व्हायला हवा होता. ती उलट गप्प होत चालली. लक्ष्मीपूजनापर्यंत माझे बहुतेक ब्लाउज गेले होते, हात रिकामे झाले होते. पाडव्याच्या दुपारी ती म्हणाली, "आई, बाबांच्या बसचा एक काढू या."

तिने सांगितलं, मी काढलं. पहिला वर्ग आठ. दुसरा चौदा. तिसरा एकोणीस. चौथा चार. तिची ब्रेलची पट्टी एव्हाना मलाही डोळ्यांनी वाचता येत होती, तिसऱ्या वर्गात नऊ होते. मी नऊ काढले. चाक फिरवून कागद तिच्या मांडीवर दिला.

तिने डावीकडून बोटं नेली. एक, दोन, तीन. तिसऱ्यावर थांबली. "हा दुसऱ्यापेक्षा बुटका कसा?"

"नऊच तर आहेत."

"मी एकोणीस म्हणाले होते."

मी कार्बनची घडी घालायला लागले.

"मुद्दाम म्हणाले होते, आई. तू बरोबर का काढलंस?"

कुणी तोंडात मारावी तसं झालं मला. आणि मग राग आला, असा की विचारू नका. "मुद्दाम? आईची परीक्षा घेतेस होय गं? इथे माझी मान मोडली, डोळे गेले—" आणि तिथेच अडकले. घरात हा शब्द आम्ही एरवी टाळत नाही. "घे ना ते सोपं गणित! सगळी घेतात. मी दमले. ऐकतेस का? मी दमले आता."

ती रडली नाही. कागदावर हात ठेवून बसली. म्हणाली, "तू दमलीस ते मला कळतं. मशीनच्या आवाजावरून कळतं. पण मला हे सांग, गेल्या आठवड्यातले माझे खरे किती बरोबर होते?"

मी मोजलेच नव्हते.

"म्हणजे मला गणित येतं की नाही, हे मलाच माहीत नाही," ती म्हणाली. "चाचणीला तू नसणार. तिथे मी एकोणीस म्हटलं की एकोणीसच निघणार. मी आपली खूश, आणि कागदावर भलतंच."

संध्याकाळी मी ह्यांना ओवाळलं आणि आम्ही जेवायला बसलो. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "गणित." ते म्हणाले, "अरे बापरे," आणि वरण वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी ती सांगेल ते काढायला लागले. सांगायला सोपं आहे. तुम्ही स्वतः चुकीचा स्तंभ काढून बघा, आपल्या मुलीच्या नावावर! हात पुढे जायचा नाही. ती म्हणायची, "काढलंस?" मी म्हणायची, "काढलं," आणि दात आवळायची. आणि चुका तर काय, पहिल्या दिवशी एकही आलेख धड आला नाही. ती घाबरली. तिच्या तोंडावर भीती मी फार कमी वेळा बघितली आहे, रस्ता ओलांडतानाही नसते. "आई, मला खरंच येत नाहीये," ती म्हणाली. तेव्हा मी किती वेळा म्हणायला तोंड उघडलं, की राहू दे बाळा, सोडून देऊ. पण आता काही बोलायचीच मला धास्ती बसली होती.

मार्ग तिचा तिनेच काढला. एक आलेख सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आता तू काय काढलंयस ते मला वाचून दाखव. पहिला स्तंभ कुठून कुठपर्यंत, किती उंच. फक्त वाच. बरं-वाईट म्हणू नकोस." मी वाचलं. आवाजही सपाट ठेवायला सांगितला तिने. मी चुकीच्या आकड्यावर आवाज चढवते म्हणे. तिसऱ्या स्तंभाशी ती म्हणाली, "थांब. ते खोड." मी खोडलं. असं खोडत-खोडत, दर दिवशी थोडं कमी खोडत, सुट्टी संपली.

चाचणी शाळा सुटल्यावर होती. सर, मुलगी, नववीतली एक चुणचुणीत लेखनिक, आणि सरांनी मला मागच्या बाकावर बसू दिलं. "फक्त बोलू नका हं ताई," ते म्हणाले. मी म्हटलं, "सवय झालीये."

संभाव्यतेचे प्रश्न तिने धडाधड सोडवले. मग आयतालेख आला. मुलांची वजनं दिली होती, वर्ग चाळीसपासून सुरू. लेखनिकेचा कागद मला बाकावरून दिसत होता. आडवा अक्ष, उभा अक्ष, प्रमाण कोपऱ्यात, सगळं सांगत होती, न अडखळता. स्तंभ एकाला एक चिकटून उभे राहिले. आणि मग माझ्या लक्षात आलं. वर्ग शून्यापासून सुरू होत नसले की आडव्या अक्षाच्या सुरुवातीला एक लहानशी नागमोडी खूण करायची असते, म्हणजे मधले आकडे गाळलेत हे बघणाऱ्याला कळतं. ती खूण ती सांगायला विसरली होती.

नुसती खोकले असते तरी तिला कळलं असतं. माझा खोकला ती गर्दीत ओळखते. माझ्या घशात तो खोकला अगदी येऊन बसला होता. मी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

ती लेखनिकेला म्हणाली, "आता वाचून दाखव." त्या मुलीने सगळे स्तंभ वाचले. सगळे बरोबर. जी खूण काढलीच नव्हती, ती कुठून वाचणार? माझी मुलगी म्हणाली, "झालं, सर."

सरांनी कागद घेतला, बघितला, लाल पेनाने अक्षाच्या सुरुवातीला गोल केला. "नागमोडी खूण राहिली. बाकी छान आहे." मग माझ्याकडे वळले. "ताई, खरं सांगतो. हिला झेपेल, पण ओढाताण होईल. पूर्ण गणितात साठच्या आसपास पडतील. सवलतीच्यात ऐंशीच्या वर सहज जाईल, टक्केवारी सुधारेल, कॉलेज चांगलं मिळेल. फॉर्मवर पालकाची सही लागते. तुम्ही ठरवा."

फॉर्म त्यांनी पुढे सरकवला. पेन दिलं. मी मुलीकडे बघितलं. मला वाटलं, ही आता चिडणार, नाही तर हट्ट धरणार. ती बाकाच्या कडेला धरत माझ्यापर्यंत आली आणि अगदी हळू विचारलं, "आई, तुला दिसलं होतं? खूण राहिलेली?"

"दिसलं होतं."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले बाई. जीव गेला माझा, पण बसले."

तिचा चेहरा असा काही उजळला, की सरांनीही मान वर केली. ढगळ युनिफॉर्म, सुटलेली वेणी, एक मार्क गेलेला, आणि ही पोर हसतेय. "म्हणजे ती चूक माझी आहे," ती म्हणाली. "आणि बाकीचं बरोबर आलं, तेही माझंच."

पंधरा वर्षांत मी तिला सगळं दिलं होतं, एवढं सोडून. मला गलबलून आलं. दमलेली होतेच, त्यात हे. फॉर्मवरची अक्षरं दिसेनात.

"विचार करून सांगा ताई, उद्या दिलंत तरी चालेल," सर म्हणाले. "पूर्ण गणितात चुका होतील तिच्या."

"होतील हो सर," मी म्हटलं. "होऊ देत." आणि पूर्ण गणितावर खूण करून खाली सही केली.